शिवीचा दर : पाचशे रुपये

मंडळी, या विकांताला विषय जरा नाजूक घेतलाय. शिव्या. घाबरू नका, नमुने देणार नाही. ते तुम्हाला माझ्याइतकेच येतात आणि कोणी शिकवावेही लागत नाहीत.

निमित्त तसं जुनं आहे. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर सौंदाळा नावाच्या गावाच्या ग्रामसभेने ठराव केला, की गावात आई-बहिणीवरून शिवी दिली तर पाचशे रुपये दंड. तालुका नेवासा, जिल्हा अहिल्यानगर (आपलं नगर हो). २०११ च्या जनगणनेप्रमाणे वस्ती साधारण अठराशे. सरपंच शरद आरगडे यांचं म्हणणं अगदी साधं होतं. भांडणात समोरच्याच्या आईला-बहिणीला जे बोलतो, ते आपल्याही घरातल्या बाईला लागू होतं, हे बोलणारा विसरतो. बातमी आली तेव्हा हापिसातल्या ग्रुपवर दोन दिवस धमाल चालली होती. 'आपल्या स्टँडअप मीटिंगला हा नियम लावला तर वर्षअखेर टीमची मालदीव ट्रिप निघेल', वगैरे. हसलो मीही. पण तेव्हापासून ही बातमी डोक्यात अडकून बसलीये, कारण माझ्या शेजारच्या डेस्कवरचा टीममेट नेमका त्याच भागातला, आणि ख्रिस्ती. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती म्हणजे कोणी परग्रहावरचे नव्हेत. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरात १८३१ साली सुरू झालं, 'ज्ञानोदय' १८४२ ला तिथेच निघालं, रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई तिथलेच झाले. तर हा गडी शिव्या देत नाही. अजिबात. प्रॉडक्शन रात्री दोनला झोपलं तरी नाही. आणि दुसऱ्याने दिली तर तोंडही वाकडं करत नाही, हे विशेष.

मी त्याला विचारलं, तुमच्यात शिव्यांना बंदी आहे का रे? तो म्हणाला, "बंदीचं सोड, आधी वाच." आणि मराठी बायबल हातात दिलं. मी मुरबाडचा कुणबी, घरात गणपती आणि म्हसोबा. या पुस्तकाशी संबंध म्हणाल तर हॉटेलच्या ड्रॉवरमध्ये दिसतं तेवढाच. पण चार विकांत वाचलं, आणि माझ्या डोक्यात शिवी या प्रकाराची जी व्याख्या होती तीच हलली. म्हणून हे टंकतोय.

पहिली गंमत अशी, की इंग्रजीतला 'प्रोफॅनिटी' हा शब्द आणि आपली 'शिवी' या दोन वेगळ्याच वस्तू आहेत. प्रोफॅनिटी म्हणजे मुळात पवित्र गोष्टीची विटंबना. दहा आज्ञांमध्ये देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये अशी आज्ञा आहे, त्यामुळे तिकडच्या जुन्या शिव्या देवाच्या, नरकाच्या नावाने. आपल्याकडे हा प्रकार जवळजवळ नाहीच. उलट आपल्याकडे देवाला चार शब्द सुनावणं हा भक्तीचाच भाग. जनाबाईने विठ्ठलाला काय काय सुनावलंय ते बघा. कोणाची भावना दुखावली नाही, सातशे वर्षं आपण ते प्रेमाने ऐकतोय. मग आपल्याकडे विटंबना कशाची होते? आईची! जिला देवाच्या आधी नमस्कार करायला शिकवतात तिचीच. बाप शिवीत फारसा येत नाही, आलाच तर आईमार्गे. म्हणजे आपली प्रोफॅनिटी नेमकी तिथेच आहे जिथे आपलं पावित्र्य आहे. सौंदाळ्याने दंड बरोबर त्याच जागी लावला, यात मला गावाची हुशारी दिसते. सरसकट 'अपशब्द' असं लिहिलं असतं तर ठराव दुसऱ्या दिवशी मेला असता.

आणखी एक. त्याच गावाने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथाही बंद केल्या आहेत. हे दोन ठराव वेगळे वाटतात, पण तसे नाहीत. आमच्या आजीच्या तोंडी 'र'वरून सुरू होणारा एक शब्द सतत असायचा. म्हशीला, मिक्सरला, लाइट गेली की एमएसईबीला. तो शब्द मूळ संस्कृत 'रंडा', अर्थ विधवा. मोल्सवर्थच्या कोशातही हा अर्थ दिलेला आहे. (हा मोल्सवर्थ मोठा धार्मिक ख्रिस्ती माणूस, पण १८३१ च्या त्याच्या मराठी-इंग्रजी कोशात असे शब्दही आहेत. लोक बोलतात ते लिहून ठेवलं. आपले आजचे कोश जास्त सोवळे.) नवरा मेलेल्या बाईचं नाव हीच शिवी झाली. आजी स्वतः पस्तिसाव्या वर्षी विधवा झाली होती आणि आयुष्यभर ती शिवी म्हशीला देत राहिली. तिला अर्थ माहीत नव्हता असं मला वाटत नाही.

आता मुरबाडची बाजू सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा शहरात जाऊन शहाणा झाला. आमच्याकडे शिवी ही नुसती शिवी नसते. दिवाळीला घरी गेलो की एसटी स्टँडवरच कोणीतरी पाठीत धपाटा घालून "आला का रं मुडद्या!" म्हणतो, तेव्हा कळतं की आपण घरी आलो. "या, बसा, कसे आहात" म्हणाला असता तर मी घाबरलो असतो, की घरी काही वाईट झालं की काय. पौषात म्हसाच्या जत्रेला बैलबाजारात एक चक्कर मारा. तिथे सौदा होतो तो निम्मा हाताच्या खुणांनी आणि निम्मा शिव्यांनी. शिमग्याला बोंब मारायला तर परंपरेचीच परवानगी. आणि साताऱ्याकडे खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं आहेत, मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून हातवारे करकरून एकमेकींना शिव्या घालतात. बोरीचा बार म्हणतात त्याला. वाद्यं वाजत असतात, बघायला ही गर्दी, आणि बार संपला की सगळ्या आपापल्या घरी. वर्षभर ज्यांनी घरात तोंड उघडायचं नाही त्यांना एक दिवस तोंड मोकळं करायला मिळालं, असा मी त्याचा अर्थ लावतो. त्यांच्याकडून पाचशे रुपये कोण घेणार?

म्हणजे शब्द तोच, पण एका ठिकाणी मिठी आणि दुसऱ्या ठिकाणी दगड. आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शन एकच, पण कॉल कोण करतंय आणि आर्ग्युमेंट कोण आहे यावर सगळं अवलंबून. नुसत्या शब्दांची यादी करून फिल्टर लावणं हा आळशी उपाय आहे. लिनक्स कर्नेलमध्ये असा एक विनोद घडलाय. लिनस टोरवाल्ड्स हा माणूस वर्षानुवर्षं मेलिंग लिस्टवर लोकांची सालटी काढायचा. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने जाहीर माफी मागितली, काही आठवडे सुट्टी घेतली आणि त्याच वेळी कर्नेलला आचारसंहिता लागू झाली. त्यानंतर दोनेक महिन्यांत एका डेव्हलपरने पॅच पाठवला, ज्यात कोडच्या कॉमेंट्समधला इंग्रजी 'एफ'वाला शब्द काढून तिथे 'हग' टाकलं होतं. म्हणजे 'हे मिठी मारलेलं हार्डवेअर चालत नाही' अशा थाटाची वाक्यं! लोकांनी यथेच्छ थट्टा केली, आणि बरोबर केली. हार्डवेअरला कोणी काही म्हणालं म्हणून कोणाची झोप उडत नव्हती. झोप उडत होती ती ज्या नवख्या पोराच्या पॅचवर चारचौघांत 'तू मूर्ख आहेस' अशी उत्तरं यायची त्याची. ती उत्तरं शिवी न वापरताही लिहिता येतात.

इथे बायबलने मला पकडलं. डोंगरावरच्या प्रवचनात येशू खुनाच्या आज्ञेबद्दल बोलतो, आणि त्याच दमात म्हणतो की भावावर रागावणारा, त्याला तुच्छ लेखून बोलणारा हाही न्यायाला पात्र आहे. तिथे जो शब्द उदाहरण म्हणून घेतलाय तो अरामी भाषेतला 'राका'. अर्थ साधारण 'रिकाम्या डोक्याचा'. बस! यात आई नाही, बहीण नाही, कमरेखालचं काही नाही. सौंदाळ्यात याला एक रुपयाही दंड पडला नसता. आपण हापिसात रोज दहा वेळा कोणाबद्दल तरी हेच म्हणतो, फक्त इंग्रजीत आणि टाय लावून. पण तो शब्द खुनाच्या शेजारी नेऊन ठेवलाय.

का? याचं उत्तर याकोबाच्या पत्रात सापडतं. तिथला मुद्दा असा, की ज्या जिभेने देवाची स्तुती करायची त्याच जिभेने माणसाला शाप कसा देता, कारण माणूस देवाच्या प्रतिरूपात घडवलेला आहे. म्हणजे हा शब्दांच्या स्वच्छतेचा प्रश्नच नाही. समोर उभं असलेलं माणूस कोण आहे, असा प्रश्न आहे. आणि पौल इफिसकरांना लिहितो तेव्हा नुसतं घाण बोलू नका म्हणून थांबत नाही. ऐकणाऱ्याची उभारणी होईल, त्याच्या गरजेला पुरेल असं बोला म्हणतो. कोड रिव्ह्यू करणाऱ्या प्रत्येकाने ही कसोटी लावून बघावी. माझी एकही कॉमेंट असभ्य नसते, पण त्यातल्या किती समोरच्याला कोड सुधारायला मदत करणाऱ्या आणि किती 'मला जास्त कळतं' सांगणाऱ्या, हे मोजणारं टूल अजून आलेलं नाही.

मागच्या कंपनीत आमचा एक मॅनेजर होता. तोंडातून कधी 'च्यायला'सुद्धा नाही. मेलची सुरुवात नमस्काराने, शेवट आभाराने. आणि मधल्या तीन ओळींत, वीस जण सीसीत ठेवून, माणसाला असा सोलून काढायचा की एक मुलगी बाथरूममधून अर्धा तास बाहेर आली नाही. एचआरकडे तक्रार करायची तर कशाची? एकही वाईट शब्द नाही! त्याच मजल्यावरचा आमचा कँटीनवाला दर वाक्याला एक याप्रमाणे शिव्या द्यायचा, आणि रात्रपाळीच्या पोरांसाठी स्वतःहून पोहे झाकून ठेवायचा. या दोघांत घाणेरडं तोंड कोणाचं, हे ठरवायला मला कुठलंही पुस्तक लागत नाही.

बरं, आणि आपला दुटप्पीपणा बघा. इंग्रजी 'एफ' म्हटलं की कूल. मराठी शिवी दिली की गावंढळ. मुरबाडहून शहरात आलेली आमच्यासारखी पोरं पहिल्या सहा महिन्यांत दोन गोष्टी करतात, बोलण्यातला 'रं' आणि 'व्हता' गाळतात आणि इंग्रजी शिव्या शिकतात. याचं एक जुनं उदाहरण त्याच पुस्तकात निघालं तेव्हा मी उडालोच. येशूला पकडून नेलंय, बाहेर अंगणात पेत्र उभा आहे. लोक त्याला म्हणतात, तूही त्यांच्यातलाच, तुझ्या बोलण्यावरून कळतंय. गालीली हेल! यरुशलेमकरांना गावाकडची बोली लगेच कळली. आणि तेव्हा पेत्र काय करतो? शापायला आणि शपथा वाहायला लागतो, की मी त्या माणसाला ओळखतच नाही. बोलीने गावचा म्हणून उघडा पडलेला माणूस, स्वतःला लपवायला शिवीचा आडोसा घेतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा प्रसंग मी दादर स्टेशनवर आणि हिंजवडीच्या बसमध्ये पाहिलेला आहे.

असो. आता ज्या गोष्टीमुळे हा सगळा विषय माझ्यासाठी गमतीचा राहिला नाही, तिच्याकडे येतो.

आमच्या मुरबाड-शहापूर पट्ट्यात दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागतात आणि पावसाच्या तोंडाशी बंद होतात. कामाला बहुतेक कातकरी कुटुंबं. पावसाळ्यात पोट भरायला आगाऊ पैसे उचलायचे आणि हंगामभर ते अंगावर फेडायचे, हा हिशोब. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा. विवेक आणि विद्युल्लता पंडितांनी १९८२ मध्ये वसई तालुक्यात श्रमजीवी संघटना काढली ती वेठबिगारांच्याच प्रश्नावर. तेव्हा वसई आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती, पालघर वेगळा झाला २०१४ ला. या भट्ट्यांवर शिव्या भरपूर असतात. पण मला लहानपणापासून जे खटकायचं ते शिव्या नव्हे. साठीचा कातकरी म्हातारा डोक्यावरून विटा वाहतोय आणि मालकाचं बारा वर्षांचं पोर त्याला "ए, इकडं ये" म्हणून हाक मारतंय. नुसतं 'ए' आणि नाव. मामा नाही, बाबा नाही, दादा नाही. आणि म्हातारा उत्तर देताना त्या पोराला "शेठ" म्हणतोय.

कोणी म्हणेल, आमच्या बोलीत आपण बापालाही 'तू' म्हणतो, त्यात काय. खरं आहे, मी माझ्या बापाला 'तू'च म्हणतो. एकेरी हा गुन्हाच नाही. पण मी शेजारच्या म्हाताऱ्याला 'तू' म्हणताना मागे 'काका' लावतो. 'ए काका, तू कवा आलास?' यात 'तू' आहे आणि मानही आहे. कातकऱ्याच्या बाबतीत 'तू' ठेवून 'काका' गळतं. जे नातं गावात प्रत्येकाला फुकट मिळतं ते त्याला मिळत नाही. हे 'राका' आहे. यात एकही शिवी नाही, दंडाची पावती फाडता येत नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ (सार्वजनिक जागी अश्लील बोलण्याबद्दल, तीन महिने किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही) लागत नाही. अॅट्रॉसिटीचा कायदा आहे, पण तो चारचौघांत उघड अपमान झाला तर. नुसत्या गाळलेल्या 'काका'साठी कुठला कायदा येणार?

म्हणून 'प्रेमळ बोला' हा उपदेश मला अर्धवट वाटतो. त्यात कोणी कोणाशी, हे सुटून जातं. गोड बोलण्याचा सगळा ठेका नेहमी खालच्यानेच घ्यायचा असतो. म्हातारा तर मालकाच्या पोराशी अत्यंत गोडच बोलतो! येशूकडे बघितलं तर दिशा उलटी दिसते. जकातदार, विधवा, परजातीची बाई, यांच्याशी तो बसून बोलतो. आणि शास्त्री-परुश्यांना तोंडावर सापाची पिल्लं म्हणतो, हेरोद राजाला कोल्हा म्हणतो. पौलाने तर फिलिप्पैकरांच्या पत्रात असा ग्रीक शब्द वापरलाय ज्याचा अर्थ शेण-विष्ठेपर्यंत जातो. आपल्या मराठी भाषांतरात तो सभ्यपणे 'केरकचरा' झाला. पण बघा, पौल तो शब्द कोणाला वापरतो? स्वतःच्या प्रतिष्ठेला, जन्माच्या आणि शिक्षणाच्या मोठेपणाला. कडक शब्द वर फेकायचा, नाहीतर स्वतःवर घ्यायचा. खाली नाही.

मराठीत याचं जवळचं उदाहरण म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचे, 'सुवार्ता'चे संपादक, 'सुबोध बायबल'चे कर्ते, २०२४ च्या जुलैमध्ये गेले. वसईच्या जमिनी गिळणाऱ्यांविरुद्ध हरित वसईच्या चळवळीत हा माणूस धमक्या घेऊन उभा होता. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा म्हणून विरोध झाला. त्यांनी विरोध करणाऱ्यांवर आवाज चढवला नाही, आणि व्यासपीठावरून सत्तेला बोलायचं ते गुळमुळीतही केलं नाही. किंवा लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. नवरा तापट, एक दिवस न विचारता ख्रिस्ती होऊन मोकळा, बाईने त्यानंतर पाच वर्षं काय काढली असतील. सगळं सांगते, काहीही लपवत नाही, आणि वाचणारा हसतो. नवऱ्याविरुद्ध तुमचं मन कलुषित होत नाही. हे शिवी न देण्यापेक्षा कितीतरी कठीण काम आहे.

मग सौंदाळ्याचा दंड वाया का? मला नाही वाटत. टीममेटचं मत माझ्यापेक्षा वेगळं आहे, तो म्हणतो पाचशे रुपयांनी जीभ आवरते पण मन तसंच राहतं, आणि त्याच्या पुस्तकात मनातलं भरलेलंच तोंडावाटे बाहेर येतं. बरोबर असेल. पण मी इंजिनिअर आहे, मला बाहेरून आत जाणाऱ्या सवयींवर थोडा विश्वास आहे. सीट बेल्टही आपण आधी दंडाला घाबरूनच लावला. शिवाय त्या ठरावाने एक गोष्ट झालीच. चावडीवर पुरुषांनी बसून आपल्या तोंडातल्या शब्दांवर चर्चा केली, बायकांच्या देखत. आमच्या गावात अशी सभा झालेली मला आठवत नाही.

झाली, तर माझी सूचना तयार आहे. दंड वगैरे काही नको. म्हसाच्या जत्रेत आणि शिमग्याला पूर्ण माफी. "मुडद्या" चालू राहू दे, त्यावाचून मला गावात परकं वाटेल. फक्त भट्टीवर हाक मारताना नावापुढे काका, मामा, मावशी, जे वयाला शोभेल ते लावायचं, आणि सुरुवात मालकांच्या पोरांपासून. पुढच्या महिन्यात गावी जातोय तेव्हा हे पारावर बोलून बघणार आहे. काय ऐकायला मिळेल याची मला कल्पना आहे, आणि ते सगळं सौंदाळ्यात म्हटलं असतं तर पंचायतीची बरीच कमाई झाली असती. :)